बाबांच्या अंगावर शिकलेली स्पॅनिश

स्पॅनिश भाषेत गुडघ्याला रोदिया म्हणतात. माझ्या बाबांचा उजवा गुडघा दहा वर्षं दुखत होता हे मला त्या शब्दामुळे कळलं. तोपर्यंत एका घरात राहून, एका चुलीवरचं खाऊन मला त्याचा पत्ता नव्हता. मी काही बेपर्वा मुलगी नव्हते. बाबाच तसे होते.

मी तेव्हा डिचोलीच्या बाजारात एका कापडाच्या दुकानात कामाला होते. वय चौतीस. लग्न जमलं नाही, मग जमवायचं सोडून दिलं. त्यावरून कुणी तोंड वाकडं केलं तर ते सरळ करण्याइतकी जीभ देवाने मला दिली होती. आई लाटंबार्शाची, ती जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात बाबा आणि मी, दोघंच. बाबा मूळचे पलीकडचे, सिंधुदुर्गातले. विशीच्या आत खनिजाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून इकडे गोव्यात आले, पुढे ड्रायव्हर झाले, पुढे स्वतःचा ट्रक केला. खाणी बंद पडल्या तसा तो ट्रक घरामागच्या काजूखाली उभा राहिला, आणि त्याच्या टपावर गवत उगवायला लागलं तेव्हा भंगारवाल्याने नेला. ट्रक वळणावरून दिसेनासा झाल्यावर मी विचारलं, "बाबा, वाईट वाटतंय?" म्हणाले, "काय नाय."

काय नाय हे त्यांचं सगळ्याला उत्तर. ताप आला तरी काय नाय, दाढ सुजून गाल फुगला तरी काय नाय. मी लहान असताना एकदा ट्रकच्या फाळक्यात त्यांचं बोट चेंगरलं. त्यावर रुमाल गुंडाळून त्यांनी जेटीवर आणखी दोन खेपा टाकल्या, संध्याकाळी घरी येऊन आंघोळ केली, आणि जेवायला बसले. आईने भातावर रक्ताचा थेंब बघितला तेव्हा घरात कळलं. आई ओरडली, रडली, त्यांच्या हातातला घास काढून घेतला. ते आपले म्हणत राहिले, "अगे, माका काय झाला नाय."

कापडाच्या दुकानात जन्म काढायचा नाही हे मी मनाशी धरलं होतं. दुकानात येणाऱ्या एका बाईने सांगितलं की पेडण्यात एक वर्ग चालतो. म्हाताऱ्या माणसांची देखभाल शिकवतात, बरोबर स्पॅनिश शिकवतात, परीक्षा पास झालं की स्पेनमधल्या वृद्धाश्रमात नोकरी. मी घरी येऊन बाबांना सांगितलं. मला वाटलं, गप्प बसतील. मी गेले तर त्यांना पेज करून घालणारंही कोणी नव्हतं. पण ते दुसऱ्याच दिवशी एसटी धरून आपल्या गावी गेले आणि देवाला कौल लावून आले. आमच्याकडे देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतात, डोक्यावर, खांद्यांवर, छातीवर, गुडघ्यांवर, आणि गाऱ्हाणं घालून वाट बघतात. उजव्या बाजूची पाकळी पडली तर देवाचा होकार. बाबा परत आले ते दारातूनच सांगत.

"उजव्या खांद्यावरची पडली. घटकाभर पण नाय लागलो. तू जा. माझी चिंता करू नको, मी काय इतक्यात मरूचंय नाय."

मग शनिवार-रविवार डिचोलीहून म्हापसा, म्हापशाहून पेडणे असा माझा प्रवास सुरू झाला. वर्ग बसस्टँडजवळ, एका हार्डवेअरच्या दुकानावर माडीत. शिकवणारी बाई पेडण्याचीच. तिने अठरा वर्षं स्पेनमध्ये म्हातारी माणसं धुतली, पुसली, भरवली होती, आणि आता पाठ धरली म्हणून परत आली होती. लाडात बोलणं तिला माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी आम्ही मानवी शरीराचा रंगीत तक्ता विकत आणला होता, तो तिने गुंडाळून कोपऱ्यात उभा केला.

"चित्रांतलो मनीस रडना," ती म्हणाली. "जित्या मनशाचेर शिक."

तिचा नियम असा: रोज संध्याकाळी घरातलं एक जिवंत माणूस समोर बसवायचं. त्याच्या दहा अवयवांना हात लावायचा, नाव म्हणायचं, त्याच्याकडून म्हणवून घ्यायचं. शेवटी विचारायचं, दोन्दे ले दुएले? कुठे दुखतंय तुम्हाला? त्याने स्पॅनिशमध्ये उत्तर द्यायचं. वहीत तारीख, उत्तर, बरोबर की चूक, आणि पुढे शेरा. वही ती दर शनिवारी तपासायची. माझ्या घरात जिवंत माणूस एकच होतं.

बाबा चौथी शिकलेले. मला वाटलं होतं लाजतील, पण त्यांनी ते काम ट्रक चालवल्यासारखं अंगावर घेतलं. संध्याकाळी पोदेर भोंगा वाजवत यायचा, त्याच्याकडून चार पाव घ्यायचे, आंघोळ करायचे, आणि मी दुकानातून येईपर्यंत स्वच्छ गंजिफ्रॉक घालून बाहेरच्या सोप्यावर तयार. मी डोक्याला हात लावायचा, काबेसा. खांद्याला, ओम्ब्रो. दंडाला, ब्रासो. जबड्याच्या हाडाला, मान्दिबुला. हा शब्द त्यांना फार आवडला होता, उगाच चहा पिताना म्हणायचे. चाळीस वर्षं ड्रायव्हरच्या खिडकीबाहेर राहिल्यामुळे त्यांचा उजवा हात डाव्यापेक्षा दोन छटा काळा होता, हे मी त्या दिवसांत पहिल्यांदा नीट पाहिलं. उजवं-डावं शिकवताना त्यांनी विचारलं, "देवाचो उजवो काय बघणाऱ्याचो उजवो?" मी म्हटलं, ज्याला दुखतं त्याचा उजवा. ते त्यांना पटलं.

पहिल्या दिवशी मी शेवटचा प्रश्न विचारला तेव्हा ते म्हणाले, "रोदिया."

मी बरोबरची खूण केली. दुसऱ्या दिवशीही रोदिया. मला वाटलं, शब्द सोपा म्हणून तोच तोच टाकतायत. तिसऱ्या दिवशी मी चिडून म्हटलं, दुसरा काहीतरी अवयव घ्या की, आणि गुडघ्यावर चापट मारली. त्यांचा चेहरा आवळला. मी पुन्हा हळूच दाबलं, पुन्हा तसंच. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे नेलं तर डॉक्टर म्हणाला, गुडघा पार झिजलाय, हे चालतात कसे?

"बाबा, सांगायचं नाही होय?" मी रस्त्यातच भांडायला लागले.

"सांगलंय मा," बाबा म्हणाले. "तीन दिवस सांगतंय."

पुढच्या दोन महिन्यांत त्यांच्या अंगाचं सगळं दुखणं असं एकेक करून माझ्या वहीत उतरलं. डावा खांदा. कंबर. उजवी खालची दाढ. मराठीत विचारलं की काय नाय, आणि स्पॅनिशमध्ये विचारलं की खरं. मी या गोष्टीवर पोट धरून हसले. शेजारच्या मामीला सांगितलं, दुकानात सांगितलं, पेडण्याला बाईंना सांगितलं. बाई हसल्या नाहीत.

"तुज्या भाशेंत सांगल्यार तुका काळजी पडटली, तू वचची ना," त्या म्हणाल्या. "हे भाशेंत सांगल्यार तो फकत अभ्यास."

आपल्या भाषेत दुखणं सांगितलं तर काळजीने मी जाणारच नाही, म्हणून. मी मान डोलावली. मला हे कळलं होतं, आणि वहीत लिहून घेतल्यासारखं पक्कं कळलं होतं, हे मी इथे मुद्दाम सांगते. पुढे जे झालं ते मला ठाऊक नव्हतं म्हणून झालं असं कुणी समजू नये.

नववा धडा आणीबाणीचा होता. रोगी म्हणतो, मे दुएले एल पेचो, माझ्या छातीत दुखतंय. ई एल ब्रासो इस्किएर्दो, आणि डाव्या हातात. देखभाल करणाऱ्या बाईने घाबरायचं नाही, आवाज चढवायचा नाही. तिने म्हणायचं, त्रान्किलो, शांत व्हा. सिएन्तेसे, बसा. यामो आ ला आम्बुलान्सिया, मी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावते. परीक्षेत तोंडी विचारतात ते हेच, बाईंनी बजावून सांगितलं. परीक्षा पुढच्या रविवारी होती.

पहिल्या संध्याकाळी बाबांनी धमाल केली. छातीवर हात मारला, डोळे फिरवले, जीभ बाहेर काढली आणि सोप्यावर आडवे झाले. मामी कुंपणापलीकडून बघत होती, तिची हसून पुरेवाट झाली. दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त. तिसऱ्या दिवशी दशावतारातल्या राक्षसासारखे किंचाळून पडले, आणि मग मला राग आला. परीक्षा तोंडावर आलेली, दुकानात मालकाची बोलणी खाऊन आलेले, आणि इकडे हा तमाशा.

"नाटक पुरे, बाबा," मी म्हणाले. "खरं दुखणारं माणूस असं करत नाही. ते गप्प असतं. हळू बोलतं. नीट करायचं तर करा, नाहीतर मी मामीला बसवते."

ते उठून बसले. गंजिफ्रॉक सारखं केलं. "बरा," म्हणाले.

चौथ्या दिवशी त्यांनी नीट केलं. पाचव्या दिवशीही. हळू आवाजात, हात मांडीवर ठेवून, अगदी मी सांगितलं तसं.

सहाव्या दिवशी, गुरुवारी, मी घरी आले तेव्हा ते सोप्यावर बसले होते. मे महिना, वारा पडलेला, माझ्याही पाठीवरून घाम वाहत होता, त्यामुळे त्यांच्या कपाळावरचा घाम मला वेगळा दिसला नाही. पाव घेतले नव्हते. मी म्हटलं, पोदेर आला नाही का? मला घाई होती, बांगडे आणले होते, ते साफ करायचे होते. मी पिशवी खाली ठेवली, वही घेतली आणि उभ्या उभ्याच विचारलं, दोन्दे ले दुएले?

"मे दुएले एल पेचो," बाबा म्हणाले. मग थांबले. "ई एल ब्रासो." मग आणखी थांबले. "इस्किएर्दो."

डावा हात त्यांनी उजव्या हाताने धरला होता.

मी म्हटलं, "त्रान्किलो. सिएन्तेसे. यामो आ ला आम्बुलान्सिया." एका श्वासात, कुठेही न अडखळता. परीक्षेत म्हणायचं तसं.

ते माझ्याकडे बघत राहिले. मी वहीत खूण करत होते.

"मान्दिबुला," ते म्हणाले.

हा शब्द नवव्या धड्यात नव्हता, तो चौथ्या धड्यातला. छातीतलं दुखणं जबड्यापर्यंत चढतं हे आम्हाला बाईंनी शिकवलं होतं, माझ्याच वहीत ते दुसऱ्या बाजूने लिहिलेलं होतं. पण मला त्या वेळी फक्त एवढंच वाटलं की बघा, चौथी शिकलेला माणूस, सगळ्यात अवघड शब्द आठवणीने घेतो. मला अभिमान वाटला. "शाबास बाबा," मी म्हणाले, "आज अगदी खऱ्यासारखं केलंत." आणि आत गेले.

बांगडे साफ करायला वीस मिनिटं लागतात. मग तिरफळं, कोकम, वाटण, कालवण. मधून मधून मी गॅसच्या शेगडीला म्हणत होते, यामो आ ला आम्बुलान्सिया, यामो आ ला आम्बुलान्सिया, कारण परीक्षेपर्यंत ते जिभेवर असंच घोटलेलं राहायला हवं होतं. बाहेरून काही आवाज आला नाही. सगळं मिळून पाऊण तास झाला असेल. मग मला दारात कुणी असल्यासारखं वाटलं म्हणून मी मागे बघितलं. बाबा चौकट धरून उभे होते. चेहरा राखेच्या रंगाचा.

"बाय," ते म्हणाले, "माका दुखताहा गे."

चौतीस वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मला विचारावंही लागलं नाही कुठे ते. मी एकशे आठला फोन केला. नंबर लावताना हाताला ओलं वाटण होतं, बोटं काचेवरून घसरत होती. पलीकडून विचारलं, काय होतंय, आणि मी स्पॅनिशमध्ये सांगायला सुरुवात केली. मे दुएले म्हणाले मी. मग भानावर आले.

गाडी लवकर आली, तिचा काही दोष नाही. तिच्यातला माणूस भला होता, बाबांच्या कानाशी वाकून त्याने विचारलं, "बाबा, खंय दुखता?"

"काय नाय," बाबा म्हणाले.

"छातीत!" मी किंचाळले. "छातीत दुखतंय त्यांच्या, हातात दुखतंय, जबड्यात दुखतंय!" सगळं बरोबर क्रमाने.

इस्पितळात डॉक्टरने विचारलं, दुखायला कधी लागलं? मी म्हणाले, आत्ताच, मी स्वयंपाक करत होते तेव्हा. ते खोटं होतं. पाऊण तास आधी मला सांगितलं होतं, मी शेरा दिला आणि मासे कापायला गेले, असं म्हणायला माझी जीभ उचलली नाही. एरवी गावाची तोंडं सरळ करणारी जीभ. खरं सांगितलं असतं तर काही फरक पडला असता का, हे मी कुणाला विचारलेलं नाही. विचारायची हिंमत नाही. रात्री नऊच्या सुमाराला बाबा गेले.

रविवारी मी परीक्षेला गेले. लोकांनी नावं ठेवली, सुतकात ही पोर पेडण्याला कशी जाते म्हणून. बाईंनीही फोन करून सांगितलं होतं, येऊ नको, पुढच्या वेळी बस. पण बाबांच्या देवाने उजवी पाकळी दिली होती, आणि तिथे गेले नसते तर मी घरात काय केलं असतं? पडद्यावर एक बाई आली, तिकडची, पिकलेल्या केसांची. तिने छातीवर हात ठेवला आणि तेच वाक्य म्हटलं. मी तेच उत्तर दिलं. शांत व्हा, बसा, मी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावते. आवाज चढला नाही, शब्द अडला नाही. बाई खूश झाली. मला त्या भागात पैकीच्या पैकी गुण आहेत.

खाली उतरून पेडण्याच्या बसस्टँडवर बसले तेव्हा मला रडू आलं नाही, बाबांचा संताप आला. इतका, की शेजारी बसलेली बाई सरकून बसली. आयुष्यभर काय नाय, काय नाय. एकदा, फक्त एकदा, पाऊण तास आधी आपल्या भाषेत सांगितलं असतं तर? पोटच्या मुलीला सांगायला कसली भीड? मग आठवलं की मीच सांगितलं होतं, खरं दुखणारं माणूस गप्प असतं. त्यांनी माझं ऐकलं होतं. म्हापशाची बस लागली तशी मी उठले.

आता कागद आले आहेत. पुढच्या महिन्यात मी जाईन. तिकडच्या वृद्धाश्रमात सकाळी सहाला उठून खोलीखोलीतून फिरायचं आणि कुणाच्यातरी बापाला विचारायचं, दोन्दे ले दुएले? मला तो प्रश्न फार चांगला विचारता येतो. पण मी उत्तर ऐकून थांबणार नाही, एवढं ठरवलं आहे. प्रत्येकाला डोक्यापासून हात लावत खाली येईन आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघेन, वहीकडे नाही.

वही बॅगेत घालायला काढली तेव्हा ती पानं पुन्हा बघितली. नवव्या धड्याचे सहा दिवस. पहिले तीन दिवस शेरा एकच, नाटक कमी करा. चौथ्या दिवशी मी लिहिलंय, सुधारणा. पाचव्या दिवशी, चांगली सुधारणा. त्या दोन दिवसांत ते नाटक करत होते की नव्हते, हे आता मला कोण सांगणार?

सहाव्या दिवशी पेचो, ब्रासो इस्किएर्दो, मान्दिबुला, तिन्हींपुढे बरोबरची खूण आणि शेरा, उत्तम. पानाच्या कडेला माझ्या बोटाचा ठसा आहे, बांगड्यांच्या पिशवीला हात लावून मी वही धरली होती त्याचा. लाल पेन घेऊन मी त्या खुणा खोडायला बसले. बराच वेळ बसले. पण खोडणार काय? बाबांची तिन्ही उत्तरं बरोबर होती.